दसऱ्यासाठी बसवलेली बेरिंगं

दसऱ्याला जीप पूजेला दारात उभी पाहिजे, एवढंच दादाच्या डोक्यात होतं. वडील गेल्यापासून ती सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर शेडमध्ये पडून होती. यंदा त्याने तिचं इंजिन खोलायला काढलं. मी नगरला गाड्यांच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर असते. कोणतं बेरिंग कोणत्या इंजिनाला चालत नाही, हे लोकांना सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे बेरिंगांचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, आधीची बेरिंगं आणि नंतरच्या वर्षांत निघालेली बेरिंगं दिसायला सारखीच. माप तेच, जागेवर बसतातही. फक्त ऑइल यायचं भोक सरकलेलं असतं. नंतरची बेरिंगं जुन्या इंजिनात घातली की ते भोक झाकलं जातं आणि क्रँक कोरडा फिरतो. आमचा क्रँक घासता येईल तेवढा, शेवटच्या मापापर्यंत, घासून झाला होता. आता ओरखडा पडला तर तो भंगारात, आणि त्याच्यासोबत वडिलांचं इंजिनही. म्हणून मी जुन्या पद्धतीची बेरिंगं मागवली होती. ती दिवाळीला येणार होती.

सुट्टीला वस्तीवर गेले, तर दादाने लावलेल्या मिस्त्रीने कुठूनतरी आणून नंतरची बेरिंगं बसवूनही टाकलेली. एक ढिलं होतं, त्याच्या पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद कोंबलेला. शेडमध्ये जळक्या ऑइलचा आणि गुटख्याचा वास. काढलेल्या ऑइलच्या घमेल्यातच तो पिचकाऱ्या मारत होता. मी वाकून बेरिंगाचं भोक बघितलं.

"भोक जुळत नाहीये," मी म्हटलं. "काढा ती."

"ताई, बसल्यात ना? मग चालतंय," मिस्त्री म्हणाला. "तुमी च्या घ्या."

"दादा, क्रँक जाईल."

"तू दुकानातलं बघ," दादा म्हणाला. "ह्यानं लई इंजिनं बांधल्यात."

दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार चढला, नारळ फुटला, जीप सुरू झाली. मिस्त्रीने माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला. आपट्याची पानं वाटायला दादा जीप घेऊन गावात निघाला आणि कालव्याच्या चारीच्या पुलावर ती खडखडून जागीच बसली. खोललं, तर बेरिंग वितळून क्रँकला चिकटलेलं, क्रँक काळानिळा. मिस्त्रीने त्यावरून नख फिरवलं आणि माझ्या तोंडावर म्हणाला, "आजकाल दुकानवाले मालच खराब देत्यात."

दादाने त्याच्याचकडून कुठल्याशा टेम्पोचं डिझेल इंजिन जीपमध्ये घालून घेतलं. "बॉडी तीच हाय, कुनाला कळतंय?" खरंच कुणाला कळलं नाही. वडिलांची जीप चांगली जपली म्हणून लोक त्याला शाबासकी देतात आणि तो मान खाली घालून ती घेतो. ते बघितलं की मला किळस येते.

परवा मी वस्तीवर आईकडे होते. वडिलांची जीप चारीवर वळली की आई न बघता, नुसत्या आवाजावरून चहाचं आधण ठेवायची. त्या दिवशी दादा जीप घेऊन अंगणात आला, तशी ती पदराला हात पुसत घाईघाईने दाराशी गेली.

"कोन पाव्हनं आलंय गं?"

दादा हसत खाली उतरला. "आईचे कान गेले आता," मला म्हणाला.