बैलगाडीला लॉरीची चाकं

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. आमची दोन पोरं पोटातच गेली होती. बायकोला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा बेळगावच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी दाखवायला आणा, पण हादरा बसता कामा नये." आमचं गाव निपाणीच्या रस्त्याला, बेळगावपासून बारा मैल. मोटारींना पेट्रोल नव्हतं, आणि जी एखादी धावायची तिच्यात माणसं कोंबलेली. राहिली बैलगाडी. लाकडी चाकाला लोखंडी धाव, खडीवरनं चालली की बसणाऱ्याचे दात वाजायचे.

मी दुसरी शिकलेला, पण हात चालायचे. कॅम्पातल्या भंगारवाल्याकडनं मोडक्या लष्करी लॉरीची दोन चाकं आणि मधला आख आणला. लोहाराकडनं तो गाडीच्या साट्याखाली, म्हणजे बसायच्या चौकटीखाली, बसवून घेतला. हिला बसवून वेशीपर्यंत नेलं. ही म्हणाली, "अवो, गाडी चालतीया का हुभी हाय?" तेवढं ऐकलं आणि जीव हलका झाला.

आखाबरोबर एक पत्र्याची पट्टी आलेली, इंग्रजी आकडे ठोकलेली. खंडेनवमीला नांगर, विळे, गाडी पुजली तशी हिनं त्या पट्टीलाही हळदकुंकू लावलं आणि गाडीच्या पुढच्या दांडीला तारेनं बांधली. गाडीची वस्तू गाडीपासून तोडू नये म्हणून. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढच्या खेपेला बेळगावच्या अलीकडच्या नाक्यावर पोलिसानं हात आडवा केला. "निल्लो! ही कसली मोटार?"

"बैलगाडी हाय, साहेब."

"चाकं मोटारीची, वर नंबर. आनि म्हन्तो बैलगाडी! लायसन काढ."

साट्यातनं हीच बोलली, "मोटार असंल तर बैलं सोडतो, जमादारसाहेब. तुमी तेवढी चालवून दावा."

मागचे गाडीवाले हसले. तिथंच घोटाळा झाला. पोलीस तापला. कुंकवाची पट्टी त्यानं उपसून घेतली आणि लष्कराचा माल चोरलास म्हणाला. लढाईत असल्या आरोपावरनं माणसाला कुठं नेऊन टाकतील याचा नेम नव्हता.

चौकीत फौजदाराला भंगारवाल्याची विक्रीची चिठ्ठी दाखवली, तेव्हा चोरीचं मिटलं. पण पोलीस हटेना. म्हणाला, गाडीत बदल केलाय. फौजदारानं कारकुनाला पुस्तक काढायला लावलं. कारकुनानं वाचलं, गाडीच्या मूळ बनावटीत परवानगीशिवाय फेरफार करू नये.

"मूळ म्हंजे कुठली, साहेब?" मी विचारलं. "माझ्या आज्याच्या गाडीला आख लाकडाचा हुता. बापानं लोखंडाचा घातला. बाजारातल्या समद्याच गाड्या बदललेल्या हायत. आनि परवानगी देतं कोण?"

कारकुनानं दोन पानं पुढं उलटली, दोन मागं. "ते यात न्हाय."

फौजदार म्हणाला, "जा आता. बाई अवघडलीया."

"लिवून द्या, साहेब. न्हायतर पुढच्या खेपेला परत ह्येच."

"लिहून देत नसतो. नीघ."

म्हणजे माझी गाडी बरोबर का चूक, हे नाक्यावर त्या दिवशी जो उभा असेल त्याच्या मर्जीवर. पुढच्या दोन खेपांना दोन वेगळे पोलीस. एकानं टायर चाचपून सोडलं. दुसऱ्यानं भर उन्हात तासभर बसवलं. ही बाभळीखाली पोट धरून बसून राहिली. बाळ हललं का, हे मी इतक्यांदा विचारलं की ती म्हणाली, "तुमी गप बसा, मग मला कळंल."

नववा लागला. रोज सकाळी मी चाकांच्या दोन्ही जोड्यांकडं बघत बसायचो. लाकडी घालावी तर हादरा, टायरची ठेवावी तर नाका. अन्न गोड लागेना. एका दुपारी कळा सुरू झाल्या. "टायरचीच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आनि कुटं थांबू नगासा."

नाक्यावर हात आडवा आलाच. सरकारी माणसाचा हात मी जन्मात कधी ओलांडला नव्हता. बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. मागं शिट्टी वाजत राहिली, मग पळणाऱ्या बुटांचा आवाज, मग तोही मागं पडला. आता गोळीच घालतात असं मला वाटत होतं.

तो पोलीस घामाघूम होऊन दवाखान्याच्या दारात पोचला तोवर हिला आत नेलं होतं. त्यानं शिवी दिली नाही. "आत घेतली न्हवं बाईला? मग चल, गाडी चौकीत लाव." गाडी लावून मी पळत परत आलो तेव्हा मुलगी झाली होती. रडत होती. मी दाराबाहेर जमिनीवरच बसलो.

साटा परत मिळाला, आख आणि चाकं जप्त. कुठल्या कलमाखाली, हे विचारायला मी चारदा गेलो. कारकून दर वेळी वेगळा, उत्तर एकच, साहेब दौऱ्यावर आहेत. माझ्या थोरल्या भावानं गावाकडनं जुना आख आणि लाकडी चाकं आणून दिली.

परतीचे बारा मैल हिनं लेकीला मांडीवर ठेवलं नाही. दोन्ही हातांवर अधांतरी धरली. खडी आली की हात आणखी वर.

"दमशील गं, मांडीवर घे."

"तुमी रस्त्याकडं बघा."

घरी आल्यावर दोन दिवस तिचे कोपर सरळ होईनात. मी तेल चोळलं.

या गोष्टीला किती वर्षं लोटली; आता ही जाऊनही सात महिने झाले. ती चाकं नेल्याचा राग मला अजून येतो. ती होती तोवर म्हणायची, सोडा की आता, लेक जगली न्हवं. तेव्हा सोडत होतो. आता सोडवत नाही.