भूत न मानणारे रामजी गमरे

नायगावच्या चाळीत कुणाच्या अंगात आलं, की रामजी गमऱ्यांना बोलावणं जायचं. हा गडी समोर स्टूल टाकून बसायचा आणि अंगात आलेल्याला एकोणतीसचा पाढा विचारायचा. पाढा काही यायचा नाही, चाळ हसायची, आणि भूत बिचारं निमूट जायचं. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा रामजींना नुसत्या पाठ नव्हत्या, ते त्या पाळत. आई वारली तेव्हा काकांनी पिंडाचं नाव काढलं, म्हणून त्यांच्याशी कायमचा अबोला धरला.

मुलगा बुद्धभूषण जपानला वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला निघाला, तेव्हा त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, पोरगा बुद्धाच्या देशात चाललाय. दोन वर्षांनी त्याची बॅग सापडली, फुजी डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या जंगलात माणसं जीव द्यायला जातात, हे रामजींना तेव्हा कळलं. पोलिसांनी बारा दिवस शोधलं आणि थांबवलं. देह मिळाला नाही.

मग वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंचं पत्र आलं. मुलगी दीपिका मोबाइलवर बघून मराठीत सांगत होती.

"ज्याचे विधी होत नाहीत तो तिथंच भटकत राहतो, असं त्या लोकांत मानतात. त्या भुतांना पाय नसतात म्हणे. तिथल्या विहारातले भंते भूषणसाठी विधी करायला तयार आहेत. घरच्यांची परवानगी मागतायत."

"भंते असलं बोलतात?"

"तिथले बोलतात, पप्पा."

भूत नसतंच, हे उत्तर रामजींच्या जिभेवर तयार होतं. जन्मभर दिलेलं. पण ते आज बाहेर येईना. भूत नसेल, तर त्या झाडांत आपल्या पोराचं काहीच उरलेलं नाही. आणि असेल, तर तो तिकडं एकटा फिरतोय. दोन्हींतलं काय मागावं, हे त्यांना कळेना. पोराला तिकडं धाडल्याबद्दल त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली त्यांची बायको राधाबाई हळूच म्हणाली, "पायच नाय, तर तो घरी येणार कसा?"

रामजींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"लिही," ते दीपिकाला म्हणाले, "आमच्यात हे करत नाहीत."

तिनं लिहिलं.

"त्याच्याखाली लिही, तुम्ही करा."