शैलाताईचे सात कॅमेरे

सात आठवडे झाले. त्या सोमवारी सकाळी मी गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर होतो, एका जोडप्याला गुडघाभर पाण्यात उभं करून लग्नाआधीचे फोटो काढत होतो. आम्हा पेडणे-डिचोलीच्या फोटोग्राफरांचा मोबाइलवर एक गट आहे. त्यावर कुणीतरी विचारलं होतं, अमुक लेन्स घेऊ की नको? मी ओल्या हातानंच लिहिलं, ‘घाई करू नको. शैलाताईला विचार, ती सांगेल ते घे.’ दहा मिनिटांनी त्याच्याच खाली तिच्या नवऱ्याचा, विठ्ठलभाऊंचा, मेसेज आला. ‘शैला आज सकाळी गेली. हार्ट अटॅक.’ मी तो तीनदा वाचला. मग त्या बिचाऱ्या नवऱ्या मुलावर उगाचच ओरडलो, ‘अरे, हनुवटी वर घे जरा!’ आणि कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून वाळूत बसकण मारली. ती दोघं घाबरून माझ्याकडे बघत राहिली... फोटो मात्र मी पूर्ण केले आणि मगच डिचोली गाठली. अर्धवट काम टाकून आलो असतो तर तिनं जाता जाता मला झाडलं असतं.

रडगाणं लिहायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. शैलाताई जिंकलेली बाई होती. ती कशी जिंकली हे मी अगदी जवळून बघितलं, कारण तिला खड्ड्यात ढकलण्यात माझाही हात होता.

डिचोलीच्या बाजारात जिन्यावरच्या एका खोलीत तिचा स्टुडिओ. वडील दोडामार्गाकडून खाणीच्या कामाला आले आणि पुढे स्वतःचा ट्रक घेऊन खनिज वाहू लागले. ती सांगायची, ट्रक घ्यायचा ठरला तेव्हा वडील ट्रक बघायला गेलेच नाहीत. आधी सुट्या भागांच्या दुकानात गेले, तिथल्या माणसाशी चहा प्यायले, कुठल्या गाडीचा कुठला भाग किती दिवसांत मिळतो ते विचारून आले आणि मग ट्रक ठरवला. बाईनं हेच डोकं कॅमेऱ्याला लावलं. आम्ही बाकीचे सगळे नवीन मॉडेल आलं की लहान पोरांसारखे हरखायचो. किती मेगापिक्सेल, अंधारात कसा दिसतो, डोळ्यावर फोकस कसा धरतो! ती सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “ता सगळा खरा. बंद पडलो तर फोन कोण उचलतलो, ता आधी सांग.”

जुना कॅमेरा बदलायची वेळ आली तेव्हा तिनं वर्षभर घेतलं. वर्षभर! दर सोमवारी कंपन्यांच्या ग्राहकसेवेला फोन लावायची. जुन्या मॉडेलचे भाग किती वर्षं ठेवता? दुरुस्तीला टाकला तर तोवर वापरायला दुसरा देता का? पणजीच्या काउंटरवर दिला तर मुंबईला जाऊन परत यायला किती दिवस? कोण किती वेळात बोललं, कोण वैतागलं, सगळं तिच्या लक्षात. मी धारगळच्या माझ्या दुकानातून जाऊन तिला चिडवायचो, “शैलाताई, कॅमेरा घेतेस की सून आणतेस?” मी स्वतः ज्या कंपनीचा कॅमेरा घेतला होता त्याच कंपनीचा तिनं घ्यावा अशी माझी फार इच्छा. का, तर आपली निवड बरोबर होती असं शैलाताईनं म्हटलं की दोन तालुक्यांत ती बरोबर ठरायची. म्हणून एक दिवस मी सरळ थाप मारली. म्हटलं, “माझा गेला होता दुरुस्तीला, आठ दिवसांत घरी आला.” माझा कॅमेरा तोवर कधीच दुरुस्तीला गेलेला नव्हता. माझ्या शब्दावर तिनं त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा कॅमेरा घेतला.

दुसऱ्याच हंगामात मये गावी गोविंद मास्तरांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली आला, मुलीनं वर बघितलं आणि शैलाताईच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. पडद्यावर एकच ओळ, ‘बंद करून पुन्हा सुरू करा.’ बंद केला, सुरू केला, पुन्हा तीच ओळ. पिशवीतला जुना कॅमेरा काढून तिनं पुढचं सगळं लग्न व्यवस्थित टिपलं, पण अंतरपाटाचा क्षण गेला तो गेलाच. आता आमच्या धंद्यात अशा वेळी काय करतात ते मी सांगतो, लाजायचं कशाला? भटजींचं कोपर मधे आलं म्हणायचं. नाहीतर कुणी मामा आडवा आला म्हणायचं. कॅमेरा बंद पडला हे मेलो तरी सांगायचं नाही, कारण एकदा का ते गावात पसरलं की पुढची लग्नं हातची जातात. शैलाताईनं जेवणाच्या पंगती उठायच्या आत गोविंद मास्तरांना बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं, “मास्तर, माझा कॅमेरा बंद पडला. अंतरपाटाचा फोटो मिळाला नाही.” मास्तर नुसते पाठ फिरवून गेले. ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. बोलायला मग बाकीचे होतेच. पंधरा दिवसांत त्या हंगामातली तिची दोन लग्नं दुसऱ्याकडे गेली. “शैलाचा कॅमेरा ऐन वेळी बंद पडतो” हे वाक्य डिचोलीच्या बाजारात भाजीबरोबर फिरायला लागलं. इतक्या वर्षांचं तिचं नाव, एका शटरापायी पणाला लागलं.

कॅमेरा कंपनीकडे गेला आणि महिन्याभरानं तसाच बंद परत आला. सोबत अहवाल. आतल्या भागांत खनिजाची तांबडी धूळ सापडली, वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा, सबब हमी लागू नाही, खर्च तुमचा. डिचोलीत तांबडी धूळ कुठे नसते? भाकरीवर असते, देव्हाऱ्यात असते. पण निष्काळजीपणा हा शब्द तिला सहन झाला नाही. रोज सकाळी ब्रश घेऊन अर्धा तास कॅमेरा पुसणारी बाई ती!

अहवाल पर्समध्ये घालून ती स्कूटरवरून थेट माझ्या दुकानात आली. बसली, पाणी प्यायली आणि विचारलं, “तुझो कॅमेरो कसो आसा?”

“एकदम मस्त,” मी म्हटलं.

तिनं माझ्या टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. तो दुसऱ्याच कंपनीचा होता, मेव्हण्याकडून मागून आणलेला.

“मग ह्यो कोणाचो?”

आधी मी चिडलो. चूक आपली असली की मी आधी चिडतो, ही माझी जुनी खोड. माझ्या दुकानात येऊन माझी झडती घेतेस का, वगैरे बरंच काही बोललो. मग माझा आवाज आपोआप खाली आला आणि मी कपाट उघडलं. माझा कॅमेरा आत पडून होता, तोच दोष, तीच ओळ. मलाही अहवाल आला होता, समुद्राच्या खाऱ्या हवेनं बिघाड. आठ दिवसांत परत आल्याची थापही तेव्हाच कबूल केली. मान खाली घालून उभा होतो.

“किती दिवस झाले बंद पडान?”

“दोन महिने.”

“दोन महिने... आणि माका सांगलंस नाय.” एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि पुन्हा तोंड बघणार नाही. तिनं दोन्ही अहवाल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचले आणि एकदम ताठ बसली. “अरे, तुझ्यात मीठ आणि माझ्यात धूळ. आणि बिघाड एकच? स्कूटर काढ. असे आणखी असतले, सगळे लपवन बसले असतले.”

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोन्ही तालुके पालथे घातले. ती कुणाच्याही दुकानात शिरायची आणि सुरुवातच अशी करायची, “माझा लग्नात बंद पडला. तुमचा?” समोरचा आधी नाही नाही म्हणायचा, मग हळूच आतून कॅमेरा घेऊन यायचा. असे पाच निघाले, आमचे दोन धरून सात. प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच नशीब फुटकं. आणखी दोघांकडे अहवाल होते. एकाला लिहिलं होतं, ओलावा शिरला. दुसरा अहवाल पेडण्याच्या सदाबाबांचा. सदाबाब फक्त पासपोर्टचे फोटो काढतात. त्यांच्या अहवालात होतं, उंचावरून पडल्यामुळे बिघाड. तो वाचून शैलाताई इतकी हसली, इतकी हसली की सदाबाब घाबरून तिला पाणी आणायला धावले.

त्याच महिन्यात कंपनीनं पणजीतल्या एका हॉटेलात नव्या मॉडेलचा कार्यक्रम ठेवला. आम्हा सगळ्यांना आमंत्रण, दुपारचं जेवण, मखमलीवर मांडलेला नवा कॅमेरा, मुंबईहून आलेले साहेब. साहेबांनी तासभर नव्या कॅमेऱ्याचं कौतुक केलं आणि विचारलं, कुणाला काही शंका? शैलाताई उठली. आदल्या दिवशी तिनं सातही बॅटऱ्या चार्ज करून ठेवल्या होत्या. ती सरळ पुढे गेली, पिशवीतून एकेक कॅमेरा काढून नव्या कॅमेऱ्याच्या शेजारी मांडला आणि एकेक करून सुरू केला. सात पडद्यांवर एकच ओळ. मग तिनं चारही अहवाल साहेबांच्या हातात दिले आणि म्हणाली, “साहेब, हे तुम्हीच मोठ्यानं वाचा. माझा चष्मा राहिला.” चष्मा तिच्या पर्समध्ये होता, मला माहीत होतं.

साहेबांचाही नाइलाज झाला, वाचलं त्यांनी. धूळ, मीठ, ओलावा आणि शेवटी ‘उंचावरून पडल्यामुळे’. तेवढ्यात मागून सदाबाब उभे राहिले. “साहेबानू, माझो कॅमेरो पडतलो कसो? घेतल्यापासून तो तिपाईर आवळून बसवलेलो आसा. मी सुद्धा ताका कधी उचलूक नाय!” अख्खं सभागृह फुटलं. साहेब सोडून सगळे हसत होते. त्यांच्याबरोबर आलेला एक तरुण इंजिनीअर मात्र खाली वाकून एकेका कॅमेऱ्याची लेन्स काढून, भिंगातून आत बघत होता. सातही बघून झाल्यावर तो साहेबांकडे न बघताच म्हणाला, “सगळ्यांचं तेच पातं वाकलंय. हा शटरचा दोष आहे. आपला.” काय टाळ्या पडल्या म्हणता! मी तर खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारली, एवढा मोठा घोडा झालो तरी.

साहेबांना प्रकरण मिटवायची घाई झाली. शैलाताईला त्यांनी तिथल्या तिथे मखमलीवरचा नवा कॅमेरा देऊ केला. मी मागून कुजबुजत होतो, घे घे. ती म्हणाली, “नवा नको. सातही दुरुस्त करून द्या, तोवर सातजणांना वापरायला कॅमेरे द्या. आणि मला एक कागद द्या, तुमच्या शिक्क्याचा. अमुक दिवशी, मयेच्या लग्नात, कॅमेरा बंद पडला तो कॅमेऱ्याच्या दोषानं, फोटोग्राफरच्या नाही, असं त्यात लिहा.” सगळं मिळालं. कागदही आला, मराठीत, शिक्क्यासकट. तो घेऊन ती एकटीच मयेला गोविंद मास्तरांकडे गेली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षी मास्तरांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात फोटो काढायला शैलाताईच होती, आणि त्या लग्नात तिनं गर्दीच्या मधोमध उभी राहून फोटो काढले, कुठेही न बिचकता.

मला वाटलं, आता तरी ती ही कंपनी सोडेल. मी सोडायलाच निघालो होतो, दोन शिव्या देऊन. तिनं मला वेड्यात काढलं. “दुसरी कंपनी चुकल्यावर कशी वागतली, ता तुका म्हायत आसा? हेंचा आता कळला. चुकले, पण चार लोकांसमोर कबूल केल्यानी. आता हेंका सोडूचा नाय.” शेवटपर्यंत तिनं त्याच कंपनीचे कॅमेरे वापरले. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिच्या स्टुडिओत आम्ही जमायला लागलो. पदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव, पातळ भाजी आणि ज्याचं जे बिघडलं असेल ते टेबलावर. कुठल्या कंपनीनं फोन उचलला, कुठली टोलवते, कुणाचे भाग मिळत नाहीत, सगळं उघड. नवीन मुलं-मुली कॅमेरा घ्यायच्या आधी तिथे येऊन बसायची. बिघाड लपवणं आमच्याकडे संपलं, ते तिच्यामुळे. हे मी छातीठोक सांगतो.

ती गेल्यावर बाराव्या दिवशी गोविंद मास्तर डिचोलीला आले. आता थकलेत, मोठी मुलगी हात धरून घेऊन आली होती. मुलीच्या दुसऱ्या हातात लग्नाचा आल्बम होता. विठ्ठलभाऊंना आणि मला वाटलं, शैलाताईचं काम आठवण म्हणून दाखवायला आणला असेल. मुलीनं तो आमच्या मधे ठेवून उघडला. हळद, चुडा, वरात, मुंडावळ्या बांधतानाचा तिचा चेहरा... शैलाताईचे स्वच्छ, नितळ फोटो. मग एक पान आलं आणि त्यावर फोटो नव्हता. त्या जागी, चारी कोपऱ्यांना चिकटवलेला, कंपनीच्या शिक्क्याचा तो कागद होता.

विठ्ठलभाऊंनी तोंडावर पंचा धरला.

“हा तिनं लावला?” मी विचारलं.

“नाही, बाबांनी,” मुलगी म्हणाली. “ताई कागद घेऊन आल्या त्याच दिवशी. बाबा म्हणाले, अंतरपाटाचं पान रिकामं का ठेवायचं? आता घरी कुणीही आलं की आल्बम बघताना याच पानावर थांबतं. विचारतं, हे काय? मग बाबा शैलाताईंची गोष्ट सांगतात. बाकीचे फोटो बघायचे राहूनच जातात.”