आपा आणि न धरलेला आकडा

आपांच्या संघाशी सामना असेल तर पंचांनी घरी बसून चहा प्यावा, असं नांदेडच्या सगळ्या शाळांमधून बोललं जायचं. चेष्टेनंच बोलायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं. आपा आमच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई. त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या अम्मीच्या तोंडी असायचं. बाकी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या त्या आपाच. सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला आवळलेली, आणि नजर कायम स्वतःच्याच मुलींवर. समोरच्यांच्या चुका पंचांनी बघाव्यात, आपल्यांच्या आपण, असा त्यांचा हिशेब होता.

लातूरला एकदा खो-खोचा अंतिम सामना होता. अगदी शेवटी आमच्या एका मुलीनं समोरची खेळाडू बाद केली, पंचांनी शिट्टी मारली आणि आम्ही नाचायला लागलो. तेवढ्यात आपा मैदानात शिरल्या. "साहेब, बाद देऊ नका. आमच्या पोरीनं दिशा बदलली व्हती." पंच म्हणाले, "मला तर नाही दिसलं." आपा म्हणाल्या, "मला दिसलं ना!" आम्ही हरलो. परतीच्या एसटीत कुणी त्यांच्याशी बोलेना. अहमदपूरच्या स्टँडवर त्यांनी तिखट-मीठ लावलेले पेरू आणले, प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवला आणि म्हणाल्या, "रडा, पण खाऊन घ्या. उपाशी पोटी रडलं की डोकं धरतं." आम्ही रडत रडत पेरू खाल्ले. चांगले होते.

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. "चूक झाली की दोनच रस्ते हायत, बेटा. आत्ता सांगून मोकळं व्हायचं, न्हाईतर जनमभर सांभाळायचं. सांभाळणं लई जड जातं." हे त्या खो-खोच्या मैदानावर सांगत, शाळेची खिडकी फुटल्यावर सांगत आणि डब्यातलं लोणचं चोरीला गेल्यावर तर हमखास सांगत.

अशा बाईच्या हाती गोल्फ लागलं. एका साहेबांची बदली झाली, आणि जाताना त्यांच्या बाईसाहेबांनी गोल्फच्या काठ्यांची एक जुनी पिशवी शाळेला देऊन टाकली. मुख्याध्यापकांनी त्यातली सगळ्यात लांब काठी जाळी-जळमटं काढायला वेगळी काढली होती. आपांनी ती परत मिळवली. त्यांचा एक चुलत भाऊ हैदराबादला गोल्फच्या मैदानावर कामाला होता; त्याच्याकडून त्यांनी फोनवर खेळ समजून घेतला. प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच नसतो, चूक झाली तर खेळाडूनं स्वतःच सांगून स्वतःच दंड लावून घ्यायचा असतो, हे ऐकल्यावर त्या शाळेच्या पायरीवर खालीच बसल्या. "या अल्ला! असला खेळ इतके दिवस कुठं लपून बसला व्हता?"

उन्हाळ्यात गोदावरीच्या वाळूत आणि सोयाबीन निघाल्यावर आमच्या नायगावच्या रानात आमचा सराव चाले. मी नायगावची. शाळेसाठी नांदेडला मावशीकडे राहायची. आमच्या रानात आपांनी कुदळीनं चार ठिकाणी भोकं पाडली आणि त्यात बांबूला चिंध्या बांधून झेंडे रोवले. बांधावर बसलेले म्हातारे विचारायचे, "बाई, एवढ्या मोठ्या रानात एवढंसं बीळ कशाला हुडकून राहिल्या? उंदीर गेलाय का आत?" आपा म्हणायच्या, "हौ चाचा, लई महागाचा उंदीर हाय."

मुलींच्या बापांना पटवायची त्यांची एक रीत होती. घरी जायचं, चहा घ्यायचा आणि उठायचंच नाही. माझे वडील, आबा, हळदीचे शेतकरी. कमी बोलणारे आणि एकदा बोलले की न बदलणारे. पोरीनं काठी घेऊन हैदराबादला जायचं म्हटल्यावर ते 'न्हाई' म्हणून मोकळे झाले. आपा म्हणाल्या, "न्हाई म्हणायला तुमाला काहीच येळ लागला न्हाई, आबा. हौ म्हणायला किती लागतो ते बघत बसते." दुसरा चहा झाला. मग आईनं भाकरी टाकल्या. आबा 'हौ' म्हणाले ते बहुतेक पाहुणी मुक्कामालाच राहील या भीतीनं.

पुढं हैदराबादच्या वाऱ्या झाल्या, राज्याच्या स्पर्धा झाल्या, देशाच्या झाल्या. आणि एके दिवशी बायकांच्या आंतरराष्ट्रीय हौशी सांघिक स्पर्धेसाठी देशाच्या तिघींत माझं नाव आलं. स्पर्धा मलेशियात. आपांनी शाळेत पेढे वाटले, आमच्या घरीही आणले, पण आबांनी पेढा हातात धरून अट घातली. "बिलोलीचं स्थळ चालून आलंय. चांगली मानसं हायत, किती थांबतील? ही स्पर्धा खेळ. काई करून दाखवलं तर म्होरं बघू. न्हाई तर काठ्या माळ्यावर." आमच्या गावातल्या आणखी दोन मुली आपांकडे शिकत होत्या, आणि त्यांचे बाप आबांच्या तोंडाकडे बघून चालणारे. म्हणजे माझ्या काठ्या माळ्यावर गेल्या की त्यांच्याही जाणार.

या स्पर्धेचा नियम ऐका, नाही तर पुढची गंमत कळायची नाही. संघात तिघी. रोज तिघी खेळतात, पण संघासाठी दोघींचेच आकडे धरतात. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं भारी, म्हणून जिचा आकडा सगळ्यात मोठा, तिचा सोडून देतात. पहिल्या दिवशी माझा सोडून दिला. दुसऱ्या दिवशीही आणि तिसऱ्या दिवशीही. आपा नांदेडहून रोज फोन करायच्या. "आज?" "आजही नाही धरला, आपा." "बरं. जेवलीस का?"

चौथ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी हात चांगला चालला होता. माझा चेंडू एका वाळूच्या खड्ड्यात गेला. वाळूत फटका मारण्याआधी काठी वाळूला टेकवायची नसते, टेकली तर दोन फटक्यांचा दंड. माझी टेकली. अगदी निसटती, चार कण हलले असतील. कुणीही पाहिलं नाही. माझे फटके लिहून घेणाऱ्या सोबतच्या कोरियन मुलीला मी बोलावलं आणि सांगितलं. फार विचार केला असं नाही. सवयच तशी लागलेली. संध्याकाळी आकडे लागले तेव्हा कळलं, ते दोन फटके नसते तर माझा आकडा धरला गेला असता. आपांना फोनवर हे सांगताना मात्र मी ढसाढसा रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "जेवून घे."

इकडे नायगावात वेगळंच रामायण झालं होतं. माझ्या चुलत्यांनी फोनवर निकालाचं पान उघडलं. भारताच्या तिघींत सगळ्यात मोठा आकडा कुणाचा? आपल्या पोरीचा. तोही चारही दिवस! आमच्याकडे दहावीपासून कबड्डीपर्यंत ज्याचा आकडा मोठा तोच पहिला. चौकात फ्लेक्स लागला: 'भारतीय संघात सर्वाधिक गुण मिळवल्याबद्दल नायगावच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन.' शुभेच्छुकांचे फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठे होते. आबा दिवसभर त्या फ्लेक्सखालून काही ना काही निमित्तानं ये-जा करत होते, असं आईनं सांगितलं. आणि त्यांनी बिलोलीला निरोपही धाडला होता: दोन वर्षं आमच्याकडून काही होणार नाही, पोरगी देशासाठी खेळते.

मी गावात उतरले तर हलगी वाजत होती. मंडप, खुर्च्या, फेटे, शाल, श्रीफळ, सगळं तयार. प्रमुख पाहुण्या आपा. मंडपामागे मी त्यांचे हात धरले. "आपा, आजचा दिवस काही बोलू नका. आबांनी बिलोलीला नकार कळवलाय." आपांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांना ठाऊक होतं की एकट्या माझ्याच नाही, तीन पोरींच्या काठ्या त्यांच्या जिभेवर आहेत. त्या म्हणाल्या, "मग मला माईकच देऊ नक्को म्हणावं. माईक हातात आला तर माझा भरवसा न्हाई."

मी निवेदकाला तसं सांगितलं. त्यालाही पटलं. पण आमच्याकडच्या निवेदकाला मंचावर माणूस दिसलं की राहवत नाही. सरपंचांनी नारळ उचलला, ते माझ्याकडे वळणार, तोच हा म्हणाला, "तत्पूर्वी, हा हिरा घडवणाऱ्या आपांनी दोन शब्द बोलावेत!" आणि माईक आपांच्या हातात.

आपांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे. मग सरळ सांगून टाकलं. "या खेळात आकडा कमी त्यो भारी असतो. हिचा सगळ्यात मोठा, म्हंजी तिघींत ही शेवटची. चारी दिवस हिचा आकडा धरला न्हाई." हलगीवाला अगोदरच थांबला होता. सरपंच नारळ हातात धरून तसेच उभे. कुणीतरी फ्लेक्सकडे वळून पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. "आता दुसरा शब्द," आपा म्हणाल्या, आणि वाळूची हकीकत सांगितली. काठी कशी टेकली, दंड कसा लागला, त्याच्यानं काय गेलं.

आबा उठले. डोक्यावर नवा गुलाबी फेटा, तोंडावर काहीच नाही. "बाई, कुनी बघितलं न्हवतं म्हनता?"

"कुणीबी न्हाई."

"मग हिनं सांगितलं कशाला?"

"तसंच शिकवलंय, आबा. दोष माझा हाय."

आबा सरपंचांकडे वळून म्हणाले, "द्या की नारळ. का आज हातातच उगवून येनार हाय त्यो?" लोक हसले. हलगी पुन्हा सुरू झाली. रात्री आईनं बिलोलीचं हळूच काढलं. आबा एवढंच म्हणाले, "कळवलंय ते कळवलंय. फिरवाफिरवी न्हाई." दुसऱ्या दिवशी चौकातला फ्लेक्स आमच्या हळदीच्या ढिगावर आला. पक्का होता, दोन पावसाळे टिकला.

गेल्या वर्षी आपा निवृत्त झाल्या आणि लातूरला धाकट्या भावाकडे राहायला गेल्या. सामान पोचवायला आबांनी स्वतःचा टेम्पो काढला आणि कुणाला चालवूही दिला नाही. लातूरला पोचल्यावर आपांनी आधी गल्लीमागचं मोकळं रान बघून घेतलं आणि मग घरात पाऊल टाकलं. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नांदेडचं मैदान त्यांच्याशिवाय मला अजून माझं वाटत नाही.

परतताना आबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "त्या सत्काराच्या दिशी बाईनं झाकून न्हेलं असतं, तर म्या तुला घरीच बसवलं असतं. लगेच न्हवं. ज्या दिशी मला कळलं असतं, त्या दिशी."

"का, आबा?"

"पोरगी परमुलखात धाडायची म्हंजी बापाला तिथलं काय दिसतंय? कुनीतरी खरं सांगनारं लागतं. मला दोघी मिळाल्या." त्यांनी गिअर बदलला. "आता बाई लातूरला. एकटीच उरलीस. जपून ऱ्हा."