निफाडकरांनी केलेलं लक्झेंबर्ग

जयप्रकाश निफाडकरांना कुवेतमध्ये कुणी पायी चालताना पाहिलं असेल, तर त्या माणसाचा जाहीर सत्कारच करायला हवा. फहाहीलमध्ये घराखालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गृहस्थ गाडी काढणार, दुकानासमोर हॉर्न वाजवणार, आणि पोऱ्यानं पिशवी खिडकीतून आत दिली की परत फिरणार. नाशिकला कॉलेजात असताना हेच साहेब पंक्चर झालेली सायकल ढकलत पंचवटीपर्यंत जात असत. त्यांची बायको पद्मजा त्यांच्याच आळीत वाढलेली, त्यामुळे तिला हे पक्कं ठाऊक होतं. पण तेलकंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर झाल्यापासून साहेबांचे पाय काही जमिनीला लागेनात.

आणि बस? बसचं नाव काढलं की निफाडकरांच्या नाकाला कुणी मिरची लावल्यासारखं व्हायचं. "बस बॅचलर लोकांची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुवेतमध्ये बॅचलर म्हणजे बिनलग्नाचा नव्हे. ज्याची बायकापोरं गावाकडं आहेत आणि जो जलीबसारख्या कामगारवस्तीत एका खोलीत सहासात जणांच्या बरोबर पथारी टाकतो, तो बॅचलर. मग त्याला नातवंडं का झालेली असेनात. वेल्डर, सुतार, प्लंबर, हॉटेलातली पोरं, ही सगळी बसनं जाणार. इंजिनिअरनं आणि इंजिनिअरच्या बायकोनं त्या बसकडं बघायचंसुद्धा नाही, असा निफाडकरांच्या घरचा कायदा होता.

या कायद्यापायी पद्मजाच्या दोन नोकऱ्या हातच्या गेल्या होत्या. लग्नाआधी ती नाशिकला बालवाडीत शिकवायची आणि चांगली शिकवायची. इथं आल्यावर दोनदा शाळेत जागा मिळाली, आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी घोड्यानं पेंड खाल्ली: नेणार-आणणार कोण? मी तर प्लांटवर, साहेब म्हणायचे. टॅक्सी? परक्या माणसाच्या गाडीत एकटी? छे! लायसन्स? परदेशी माणसांसाठीच्या त्याच्या अटींत ती बसत नव्हती, आणि ज्या वर्षी बसत होती त्या वर्षी "कशाला हवाय तुला हा ताप" म्हणून साहेबांनी विषय मिटवला. आता तिसऱ्यांदा, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मिरकाबमधल्या एका छोट्या नर्सरी शाळेनं तिला बोलावलं होतं. तिथल्या मोठ्या बाई, सुजाताबाई, स्वच्छ म्हणाल्या होत्या, "सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी या. नाही आलात तर मी दुसरी बघेन." यापुढं चौथं बोलावणं कुठून येणार? फहाहीलहून थेट मिरकाबला जाणारी बस निफाडकरांच्या इमारतीसमोरच थांबायची. पद्मजा रोज गॅलरीतून तिच्याकडं बघायची आणि कपडे वाळत घालायची.

तर ऑगस्टमध्ये साहेबांनी सुट्टी काढली. त्यांच्या मित्रमंडळींत स्वित्झर्लंड सगळ्यांचं करून झालं होतं. मयूर देवांनी तर प्राग दोनदा केलं होतं. कुणीही न केलेला देश शोधता शोधता निफाडकर लक्झेंबर्गला येऊन थांबले. "लहानसा आहे, चार दिवसांत अख्खा करून टाकू," ते म्हणाले. जसं काही बाथरूमच्या फरश्याच बसवायच्या होत्या!

पुण्याला हॉस्टेलमध्ये असलेली त्यांची लेक ओवी फोनवर म्हणाली, "बाबा, इट्स सो इझी! बस, ट्राम, ट्रेन, एव्हरीथिंग इज फ्री देअर. कार घेऊ नका."

"फुकट?" साहेबांच्या कपाळावर आठ्या. "म्हणजे तिथं कसली माणसं बसत असतील त्यात!"

झालं. दोन माणसांसाठी त्यांनी सात सीटची गाडी भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी त्या गाडीतून त्यांनी लक्झेंबर्ग शहराचं जे काही दर्शन घेतलं ते पार्किंगच्या पाट्यांचं. जुन्या शहराच्या गल्ल्यांत गाडीला बंदी, बाहेर जागा नाही, तळघरातलं पार्किंग भरलेलं. एकाच पुलावरून पद्मजा चार वेळा गेली आणि चारही वेळा साहेबांनी तिला खालची दरी बघू दिली नाही, कारण "तू पाटी बघ, पाटी!" शेजारून ट्राम सुळकन जायची. आत कोट-टाय घातलेले पुरुष, बाळांच्या गाड्या घेतलेल्या बायका, कुत्रं मांडीवर घेतलेली एक म्हातारी. कुणाच्याही तोंडावर लाज नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी एका चिंचोळ्या गल्लीत गाडी घातली आणि दगडी भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत घासून काढली. चूक अर्थातच भिंतीची होती. गाडी परत गेली आणि साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी व्हिआंदेनचा किल्ला करायचा होता. तिथं जायला एत्तेलब्रुक नावाच्या गावापर्यंत आगगाडी आणि पुढं बस. आगगाडीत बसायला निफाडकर तयार झाले, पण एका अटीवर. त्या देशात फक्त पहिल्या वर्गाला पैसे पडतात, हे त्यांनी शोधून काढलं होतं. अख्खा देश फुकट फिरत असताना या गृहस्थानं दोन तिकिटं काढली. डब्याच्या त्या भागात त्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. काचेपलीकडं माणसं हसत-बोलत होती. तपासनीस आला, तिकिटं बघून जरा चकित झाला आणि सौजन्यानं म्हणाला, "पलीकडं फुकट आहे, माहीत आहे ना?"

"आय नो," साहेब मान ताठ करून म्हणाले. तो गेल्यावर पद्मजाकडं वळून म्हणाले, "बघ, कशी शांतता आहे!"

पद्मजानं काचेपलीकडच्या माणसांकडं बघितलं. हा माणूस मूर्ख आहे, हे तिला पूर्वी अधूनमधून वाटायचं. त्या रिकाम्या डब्यात ते तिला शांतपणे पटलं.

एत्तेलब्रुकला उतरले तर स्टेशनाबाहेर बस उभी. तिच्यात काही पहिला वर्ग नव्हता. निफाडकर फुटपाथवर खिळले.

"आपण टॅक्सी बघू," ते म्हणाले.

"अहो, कुठंय टॅक्सी? ही बस थेट जाते. पाटी आहे की समोर."

"आपण काय बॅचलर आहोत का?"

"अहो, इथं कोण ओळखतंय आपल्याला?"

"प्रश्न ओळखीचा नाही, पद्मा. प्रश्न सवयीचा आहे. एकदा माणूस बसमध्ये चढला की झालं!"

ती त्यांच्याकडं बघत राहिली. सुटाबुटातला एक गृहस्थ, बहुधा बँकेतला साहेब, "पार्दों", म्हणजे माफ करा, म्हणत दोघांच्या मधून बसमध्ये चढला. त्याच्यामागून पद्मजा चढली. तिनं काही ठरवलं नव्हतं. पाय पुढं पडला, एवढंच. तिला वाटलं, हे येतील मागून. दार बंद झालं, बस हलली, आणि काचेतून दिसलं की साहेब तोंड उघडं टाकून तिथंच उभे आहेत.

लगेच फोन. "पुढच्या स्टॉपला उतर!"

"उतरून काय करू? इथं नुसतं शेत आहे."

"पद्मा, मी सांगतोय—"

"अर्ध्या तासानं दुसरी बस आहे. तिनं या," ती म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. लग्नानंतर ती एकटी कुठंही गेली नव्हती, भाजीलासुद्धा नाही. पुढच्या दोन गावांपर्यंत तिनं समोरचा दांडा सोडला नाही. मग हळूहळू डोंगर आले, झाडी आली, आणि एका वळणावर किल्ला दिसला. चढावाचा रस्ता गुडघे धरत धरत ती चढली. वर जाऊन सगळ्या खोल्या बघितल्या, फोटो काढले, खाली येऊन नदीवरच्या पुलाजवळ आलुबुखारा घालून भाजलेल्या टार्टचा एक भला मोठा तुकडा घेऊन खाल्ला. साहेब आले नव्हते. दुसऱ्या बसनं नाही, तिसऱ्या बसनंही नाही.

तिथं तिला रडू आलं. चढायचं, बसायचं, उतरायचं. एवढंच होतं ते! एवढ्यासाठी वीस वर्षं गॅलरीत उभी राहिले? आनंद झाला होता, नाही असं नाही. पण त्याहून जास्त संताप आला होता, आणि तो नवऱ्यावर जितका होता तितकाच स्वतःवर.

परत आली तेव्हा निफाडकर एत्तेलब्रुकच्या स्टेशनातच कॉफीचे रिकामे कप मांडून बसलेले. म्हणाले, "झाली तुझी मजा?" आणि पहिल्या वर्गाची परतीची तिकिटं दाखवली. पद्मजा दुसऱ्या वर्गात जाऊन बसली. काचेच्या अलीकडं ती, पलीकडं साहेब, अशी ही जोडी राजधानीला परतली.

कुवेतला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी देवांच्या घरी जेवण होतं. मयूर देवांच्या मोठ्या टीव्हीवर निफाडकरांनी फोटो लावले आणि त्यांच्या वाणीला बहर आला. "हा व्हिआंदेन. आपल्याकडच्या किल्ल्यांसारखं चढायबिढायचं काही नाही हं. गाडी थेट दारात!"

"निफाडकर, तुम्ही कुठंच दिसत नाही फोटोत?" मयूरनं विचारलं.

"काढणारा कोण? मी!" साहेब छातीला हात लावून म्हणाले. "बायकांना कुठं अँगल कळतात?"

पद्मजा पुरीचा तुकडा मोडत राहिली. बोलू देत, म्हणाली मनात. फुशारक्यांची तिला सवय होती. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. तेवढ्यात मयूरची बायको कौमुदी तिला म्हणाली, "परवाच्या रविवारपासून ना गं तुझी शाळा?"

"छे छे," साहेबच मध्ये बोलले. "मी कालच कळवलं त्या सुजाताबाईंना, जमणार नाही म्हणून. जाणार कशी ती रोज मिरकाबला? मी काय प्लांट सोडून ड्रायव्हरकी करू?" आणि स्वतःच हसले.

पद्मजाच्या हातातला घास हातातच राहिला. "मला न विचारता कळवलंत?"

"अगं, त्यात विचारायचं काय? ठरलेलंच होतं."

ती उठली. हात धुतला. सगळ्यांच्या देखत फोन लावला. "सुजाताबाई, पद्मजा निफाडकर बोलतेय. काल तुम्हाला चुकीचं कळवलं गेलं. मी येतेय रविवारी... जागा आहे ना अजून?" थोडा वेळ ती ऐकत राहिली. "हो. थँक्यू. नाही, ने-आणीचा काही प्रश्न नाही. बसनं येईन."

"बसनं!" साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "पद्मा, लोक काय म्हणतील?"

"व्हिआंदेनलासुद्धा बसनंच गेले होते," पद्मजा त्यांच्याकडं न बघता मयूरला म्हणाली. "एकटी. हे दिवसभर स्टेशनवर कॉफी पीत बसले होते, कारण बस बॅचलर लोकांची. तो किल्ला यांनी आत्ता पहिल्यांदा बघितला, भावजी. तुमच्याबरोबर, तुमच्या टीव्हीवर."

कौमुदीला हसू आवरेना, ती पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली. निफाडकरांच्या तोंडाचं पाणी पळालं ते जेवण संपेपर्यंत परत आलं नाही. घरी जाताना ते इतके गप्प होते की गाडीत एसीचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

रविवारी सकाळी पद्मजा इस्त्रीची साडी नेसून खाली उतरली. बस आली. बसमध्ये सगळे पुरुष, निम्मे पेंगत होते. तिला बघून सगळ्यात पुढच्या सीटवरचा एक माणूस झटकन उठला. पायांत सेफ्टीचे बूट, हातात डबा. तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं बघून तो म्हणाला, "वयनी, हंय बसा. पुढची जागा बायकांची असता." हा कुडाळचा हरिश्चंद्र, मिरकाबच्या एका इमारतीत सुतारकाम करायचा. तिनं गाव विचारलं, त्यानं शाळा विचारली. मुलगी किती मोठी, पाऊस कसा, गणपतीला जाणार का, असं बोलणं सुरू झालं.

अर्ध्या वाटेवर मागून हॉर्न सुरू झाला. थांबेना. सिग्नलला एक पांढरी मोठी गाडी बसच्या अगदी खिडकीशी येऊन उभी राहिली. आत काळा चष्मा लावलेले जयप्रकाश निफाडकर. प्लांटवर रजा टाकून आले होते. काच खाली करून ते हातानं खुणा करत होते: उतर, उतर, इकडं ये. मागं पुढं कुणी ओळखीचं नाही ना, हेही मान फिरवून बघत होते. सिग्नल सुटला. बस निघाली, गाडी मागं लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो वाजू दिला.

हरिश्चंद्र वाकून बघायला लागला. "ती गाडी मगासपासून आपल्या पाठसून येता. तुमच्या वळखीतली काय वयनी?"

"माझे मिस्टर आहेत."

"अरे बापरे!" तो गोंधळला. "हंयच येतत तर मगे बशीत कित्याक नाय बसले?"

"हिंमत लागते हो त्याला," पद्मजा म्हणाली. "सगळ्यांना नसते."

मिरकाब आलं. हरिश्चंद्रनं तिची पिशवी खाली दिली, आणि ती शाळेकडं चालू लागली. मागं गाडीला थांबायला जागा सापडत नव्हती.