सुंतेचा कागद आणि आर्डिस

आयोवातल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात आर्डिस बोडहोल्ट कुणावरच विश्वास ठेवत नसे. बाळंतपणाच्या वॉर्डात मी अकरा वर्षं तिच्या हाताखाली नर्स होते. मुलगा झाला की दुसऱ्या दिवशी आईपुढे कागदांचा गठ्ठा यायचा; जन्मदाखल्याचा अर्ज, बाळाच्या फोटोची परवानगी आणि त्यातच कुठेतरी सुंतेची संमती, कारण अमेरिकेत धर्म न बघताही ती सर्रास करतात. आर्डिस तेवढा कागद उपसून बाजूला ठेवायची. "झोप न झालेली बाई कशावरही सही करते," म्हणायची.

डॉक्टर हॅव्हर्टी समजावत, सुंतेमुळे लघवीचा संसर्ग कमी होतो. "कमी म्हणजे शंभरात किती?" ही लगेच. फाटकापाशी सुंतेविरुद्ध फलक धरणाऱ्यांना वाटलं, ही आपल्यातली. त्यांनाही तिने झापलं, "तुम्ही किती बाळं हातात घेतलीत?" मला मात्र तिचाच संशय यायचा. एवढा त्रागा उगाच नसतो, कुठेतरी पाणी मुरत होतं.

मार्चमध्ये तिच्या सुनेला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा कर्टिस कागदांवर भराभर सह्या करत होता. बायको झोपली होती, मी पाळण्यातली चादर बदलत होते. आर्डिसने सुंतेच्या कागदावर हात ठेवला.

"वाचलास?"

"अगं आई, वाचायचं काय त्यात? पोरगं बापासारखं दिसायला नको? मी बाबांसारखा, हा माझ्यासारखा."

"बाबांची सुंता झालेली नव्हती."

"काहीतरीच!" कर्टिस हसला. पण आई हसेना.

"ते डेन्मार्कचे. तिकडे कुणी करत नाही रे."

"मग माझी का केली?"

"इथे सगळेच करतात, असं मीच तुझ्या बाबांना सांगितलं. गठ्ठ्यात कागद होता, मी सही केली. ते दारात उभे होते."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"नंतर कधी विचारलंस?"

आर्डिसने कागदावरचा हात उचलला. "तेवीस वर्षं संसार केला. डॉक्टरांना विचारलं, फलकवाल्यांना विचारलं. तुझ्या बाबांना मात्र, त्यांच्या मनात काय होतं, तेवढं विचारलं नाही. आता ते नाहीत."

मला तिची फार दया आली, आणि माझ्या संशयाची लाजही वाटली.

"मग मी काय करू?" कर्टिसने विचारलं.

"मला नको विचारूस. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नकोस."

कर्टिसने सुंतेचा कागद उचलला. मग खुर्ची ओढून बायकोच्या उशाशी गेला, तिला जागं केलं आणि कागद पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागला.