बिल्ला कुणी घडवला

हातात आलेली कोणतीही वस्तू काका आधी उलटी करून बघायचे. बशी, घड्याळ, एकदा मी नेलेला पेढ्यांचा डबासुद्धा. "समोरची बाजू मालकाची," म्हणायचे, "मागची कारागिराची." त्या दिवशी पेढे कुठे गेले ते विचारू नका.

मी इंग्लंडमधल्या स्लाऊ गावाजवळच्या एका लहानशा संग्रहालयात काम करते. एके दिवशी आमच्याकडे बिस्किटांच्या दोन डब्यांतून जर्मन सैनिकांचे बिल्ले आले. दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या जर्मनांची छावणी जवळच्या एका शेतात होती. तिथे घरं बांधायला खणायला लागले, आणि कैद्यांनी पुरलेले, फेकलेले बिल्ले मातीबरोबर वर आले. ते कोणाचे, हे कळणं शक्य नव्हतं. कोणत्या कारखान्यात बनले, एवढं कळलं असतं. पण बहुतेकांच्या पाठीवरचा कारखान्याचा आकडा गंजून गेला होता. तेव्हा कुणीतरी काकांचं नाव सुचवलं. त्यांनी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यांत चाळीस वर्षं डाय, म्हणजे धातूवर नक्षी उठवायचे ठसे, बनवले होते.

काका बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, मुंबईहून तरुणपणीच आलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते आणि काकू, दोघंच. काकूंची स्मृती गेली होती. काका नजरेआड झाले की त्या दार बडवत बसायच्या. त्यामुळे काका खालच्या दुकानापलीकडे जात नसत, तेही शेजारीण येऊन बसली तर. तीन वर्षांत ते बसमध्ये चढले नव्हते. संग्रहालयात येणं तर दूरच. म्हणून दर गुरुवारी दोन बिल्ले कापसात गुंडाळून मीच त्यांच्याकडे न्यायची.

"अहो, आपण घरी कधी जायचं?" काकू विचारायच्या.

"चहा झाला की निघू," भिंगातून डोळा न काढता काका म्हणायचे.

चहा व्हायचा. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. फक्त एकदा, काकू आतल्या खोलीत असताना, ते हळूच मला म्हणाले, "मलाही विचारावंसं वाटतं गं. पण कुणाला विचारू?"

त्यांच्या समाजातल्या लोकांना हे काम पसंत नव्हतं. आपल्या घरात असली नाझी चिन्हं कशाला, असं एका गृहस्थांनी फोनवर सुनावलं. काका शांतपणे म्हणाले, "ज्यानं छातीवर लावला त्याच्याशी माझं काम नाही. ज्यानं घडवला त्याला शोधतोय."

शोधायचे कसे, तेही बघण्यासारखं होतं. बिल्ल्याच्या मागे टाचणीची बिजागरी कशी बसवली आहे, टाचणी अडकवायचा हूक गोल आहे की चपटा, हे आधी. मग डायमधला दोष. डायला बारीक तडा गेला की त्या डायवर उठलेल्या प्रत्येक बिल्ल्यावर केसाएवढी रेघ येते. "माणसाच्या हातावरच्या रेषेसारखं आहे," ते म्हणायचे. "ती लपवता येत नाही." कारखान्याचा आकडा शाबूत असलेल्या दुसऱ्या बिल्ल्यावर तीच रेघ सापडली की कारखाना कळायचा.

एका बिल्ल्यानं मात्र त्यांना पाच आठवडे अडवलं. ओकच्या पानांचं कडं, मध्ये आडवी बंदूक. युद्धाच्या शेवटी शेवटी बनलेला असावा, कारण पितळ संपून जस्त आलं होतं आणि मातीत ते जस्त फुगलं होतं. पण मागचे रिव्हेट बघून काका खूश होते. मला भिंग देऊन म्हणाले, "बघ. एवढ्या हलक्या मालावर इतकं साफ काम. त्याला कोण विचारणार होतं? तरी केलं. असा माणूस माझ्या हाताखाली असता तर मी त्याला सोडला नसता."

अखेर एका पानाच्या देठाशी रेघ जुळली. कारखाना ठरला. आम्ही त्या गावच्या दप्तरखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते मी काकांच्या टेबलाशी बसून वाचून दाखवलं. युद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत त्या कारखान्यात पकडून आणलेले मजूर होते. दिवसा यंत्रावर, रात्री तारेच्या कुंपणात. नावांची यादी मिळत नाही.

काकांनी बिल्ला पुन्हा उलटा करून भिंगाखाली धरला. मग म्हणाले, "आणि मी म्हणालो, सोडला नसता."

काकू आतून आल्या. "अहो, घरी कधी जायचं?"

त्या दिवशी चहाचं उत्तर आलं नाही. काकांनी त्यांचा हात धरून शेजारी बसवलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही गं." काकूंना ते पटल्यासारखं दिसलं. दहा मिनिटांनी तो प्रश्न पुन्हा आला नाही.

संग्रहालयात त्या बिल्ल्याखालच्या पाटीवर काय लिहायचं, यावर आमच्या क्युरेटरबाईंशी ते फोनवर प्रथमच अडून बसले. कारखान्याचं नाव त्यांनी शोधलेलं. पण नुसतं तेवढंच लिहायला त्यांची तयारी नव्हती. "घडवणारा तो नाही," एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी पाटीवर कारखान्याचं नाव आणि खाली एक ओळ आली: सक्तीने आणलेल्या मजुराचं काम, नाव अज्ञात.

मार्चमध्ये काकू गेल्या. महिन्याभरानं मी काकांना म्हटलं, चला, छावणीचं ते शेत तरी बघून येऊ. ते आले. अर्ध्या शेतात घरं उभी राहिली होती, उरलेल्या अर्ध्यात चिखल आणि उंच गवत. आम्ही दहाएक मिनिटं उभे राहिलो. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि घाईनं म्हणाले, "चल, निघायला हवं. ती एकटी..."

ते गाडीत येऊन बसले, पट्टा लावला. मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि पुन्हा गवतात उतरले. कोटाच्या खिशात हात घालून, कुठेही न थांबता, सावकाश चालत ते पार पलीकडच्या झाडांपर्यंत गेले.

नंतरच्या हिवाळ्यात काकाही गेले. मला ते आठवतात ते असे, पाठमोरे, चालत दूर जाणारे. त्या दिवशी मी गाडीतच बसून राहिले. हाक मारली नाही.